बाहेर तोंड केलेले बूट

१

रुंगानो चिनेंबिरी गुडघ्यांवर होता. छाती उघड्या दारातून गाडीच्या सीटला टेकलेली, दोन्ही हात पुढे पसरलेले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणूस सुखरूप पोचल्याबद्दल देवाचे आभार मानतोय. जवळ गेल्यावर दिसायचं की मागून कवटी फुटून आत बसली आहे. चाकाचे नट खोलायचा पाना शेजारी पडला होता आणि त्याला केस चिकटले होते.

भोवती सगळा आरशाचा चुरा. बायकोसाठी आणलेला माणूसभर उंचीचा आरसा त्यानं तपासणीसाठी उतरवून गाडीला टेकून ठेवला होता. आता त्याच्या एकेका तुकड्यात दुपारचं पांढरं आभाळ होतं, काहींत लाल.

लिंपोपोचा पूल ओलांडला की आमच्या बाजूला तपासणीचं आवार लागतं. परदेशातला मुक्काम संपवून जो कायमचा घरी परततो, त्याला स्वतःची एक गाडी आणि संसाराचं सामान जकात न भरता आणता येतं. अट इतकीच, की गाडी त्याची असावी, सामान त्याच्या घरचं असावं आणि अधिकारी येईपर्यंत त्यानं स्वतः तिथं हजर राहावं. म्हणून माणसं खाटा, गाद्या, फ्रीज सगळं उतरवून आपल्याच संसाराची राखण करत उन्हात बसतात. रुंगानोनं उभं तारुण्य जोहान्सबर्गच्या गॅरेजांत घालवलं होतं. त्याचं गाव इथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तेवढीच वाट राहिली होती.

मी सार्जंट मुडाउ. फाटकावर माझी ड्यूटी होती. ओरडा ऐकून मी धावलो, तोवर हमालांनी खुनी पकडलेला होता.

तो रुंगानोचा मेहुणा, बायकोचा सख्खा धाकटा भाऊ गरिकाइ. दाजींना सामान उतरवायला मदत करायला म्हणून गावाहून आला होता. त्याचे बूट रक्तानं माखले होते, हात कोपरापर्यंत लाल होते, आणि एवढा पुरावा जमावाला पुष्कळ झाला. कुणी विटेनं हाणलं, कुणी फ्रीज बांधायच्या साखळीनं. कुंपणापलीकडे रुंगानोच्या स्वागताला आलेली त्याच्या ख्रिस्ती पंथाची पांढऱ्या झग्यांची मंडळी थांबली होती, तीही आत घुसली. सर्वांत पुढे जोसाया. मंडळीचे धर्मगुरू ओबेदबाबा यांचा काठीवाला, बैलासारख्या मानेचा.

गरिकाइ काहीतरी सांगायला बघत होता. हात पुढे करून बोट दाखवत होता.

मागून बाबांचा आवाज आला, भरदार, दुःखानं कापणारा. म्हणाले, "खोटं बोलणारं ते तोंड बंद करा."

जोसायाची काठी जबड्यावर बसली. ओलं लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. मग जोसायानं टाच उचलली आणि पुढे केलेला तो हात बोटांसकट भुईत दाबून फिरवला. दुसरा हात साखळीवाल्यांनी आधीच निकामी केला होता.

मी हवेत गोळी झाडली नसती तर तिथंच संपला असता. गोळीनं जमाव चार पावलं मागे सरला, तेवढ्यात मी त्याला ओढत ठाण्याच्या पत्र्याच्या कंटेनरमध्ये नेलं आणि कडी लावली. पहिला दगड लगेच पत्र्यावर येऊन आदळला. मागून कुणीतरी ओरडलं, टायर आणा, गळ्यात घालून पेटवू.

२

इन्स्पेक्टर मुलेया मॅडम मागच्या दारानं आल्या. खिशात भाजलेल्या मोपानी अळ्यांची पुडी, डोक्यावर टोपी नाही. त्यांनी खाली पडलेल्या गरिकाइकडे पाहिलं, त्याच्या लोंबणाऱ्या जबड्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, हा बोलू शकतो का. नाही म्हटलं. लिहू शकतो का. मी त्याचे हात दाखवले.

"छान," त्या म्हणाल्या. "साक्षीदाराचं तोंड पण गेलं आणि हात पण. इतकं नीटनेटकं काम सहसा होत नाही."

मोठं ठाणं लांब होतं. कुमक येईपर्यंत आम्ही दोघं आणि दोन बंदुका. बाहेर डिझेल-पेट्रोलची गाडी उभी होती आणि टायरांची तर आवारात वाण नव्हती.

हमालांकडून मी जे ऐकलं ते मॅडमना सांगितलं. दाजी-मेहुण्याचं सकाळी कडाक्याचं भांडण झालं होतं. रुंगानो म्हणत होता, मी अधिकाऱ्यांना सांगणारच. मेहुणा त्याच्या दंडाला धरून विनवत होता, दाजी, गप्प बसा, सामान सुटू द्या, घरी जाऊ. तेवढ्यावरून हमालांनी कथा रचली: मेहुण्याला ती गाडी हवी असणार. पण जकात न भरता आलेली गाडी काही वर्षं विकता येत नाही आणि दुसऱ्याच्या नावावरही करता येत नाही, त्यामुळे रुंगानो बधेना आणि याचं डोकं फिरलं. पुढे मेहुणा कुंपणाशी जाऊन कुणाशीतरी बोलला, मग फाटकाबाहेरून सादझा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि भाजी घेऊन परतला, आणि थोड्या वेळात ओरडा झाला.

मॅडम म्हणाल्या, "माणूस मारायच्या आधी त्याच्यासाठी जेवण आणणारा खुनी मी अजून पाहिला नाही. चल, गाडी बघू."

मागच्या दारानं, ट्रकांच्या आडून आम्ही गाडीपाशी गेलो. जमाव सगळा कंटेनरपुढे होता.

मॅडम आधी मृताच्या पायांशी बसल्या. पाय उघडे होते. तळवे स्वच्छ, एक ओरखडा नाही. बूट गाडीच्या दाराजवळ शेजारी शेजारी ठेवलेले, टाचा गाडीकडे, टोकं बाहेर.

"चोरानं काढले म्हणायचे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, नाही मॅडम. या मंडळीची रीत आहे. प्रार्थनेला उभं राहताना बूट काढायचे आणि टोकं बाहेर करून ठेवायचे. ज्या भुईवर बूट निघाले ती देवाची. तिथं आवाज चढवायचा नाही, हात तर उचलायचाच नाही.

"म्हणजे तो प्रार्थना करत होता. एकटाच?"

एकट्यानं असं गुडघ्यावर येत नाहीत, मी म्हणालो. समोरच्यानं डोक्यावर हात ठेवायचा असतो.

मॅडमनी आरशाचा एक तुकडा उचलला. सुरीसारखा उभा रुतलेला, गाडीच्या मागच्या बाजूला, जिथं डोक्यातलं रक्त उडून पोचणं शक्य नव्हतं. त्याच्या टोकाला रक्त होतं आणि जाड, पांढरट कातडीचा पापुद्रा. घट्टे पडलेल्या तळव्याचा.

"मेलेल्याचे तळवे धड आहेत. मेहुण्याच्या पायांत नाड्या आवळलेले जाड बूट आहेत," त्या म्हणाल्या. "मुडाउ, या काचांवरून तिसरं कुणीतरी अनवाणी चालत गेलंय."

मागे पत्र्यावर धाडधाड लाथा बसायला लागल्या होत्या.

३

परत फिरता फिरता मॅडम थांबल्या आणि नाक वर करून हुंगायला लागल्या. मलाही आला तो वास. रक्ताच्या आणि डिझेलच्या वासाखाली करपलेल्या साखरेचा.

बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या झाकणाभोवती तपकिरी चिकट ओघळ वाळले होते आणि त्यांच्यावर मुंग्यांचं मोहोळ उठलं होतं. मॅडमनी बोट लावून हुंगलं, मग जिभेच्या टोकाला लावलं आणि थुंकल्या.

खोकल्याचं औषध. आमच्याकडची कोवळी पोरं जे बाटल्याबाटल्यांनी पितात आणि भिंतीला टेकून लाळ गाळत बसतात, ते. पलीकडून चोरून आणतात. इकडे त्याला सोन्याचा भाव आहे.

"गॅरेजात आयुष्य घालवलेला माणूस रेडिएटरमध्ये औषध कशाला ओतेल?"

मी टपावर चढलो. लाल धुळीनं माखलेल्या टपावर कॅनच्या बुडांचे चार चौकोन स्वच्छ उमटले होते. दोरी कापलेली होती. कॅन मात्र कुठंच नव्हते, आणि आरशाच्या तुकड्यांतून मुंग्यांची एक बारीक ओळ निघून ट्रकांमागून कुंपणाच्या भोकाकडे गेली होती. भोकापलीकडे मंडळीची बस. बसच्या दारात आशीर्वादाच्या पाण्याचे कॅन रचलेले. मंडळी ते घरोघर देते, नदीपलीकडच्या भक्तांनाही परतीच्या प्रवासाला देते, आणि आमचा कुठलाही अधिकारी देवाच्या पाण्याचं बूच उघडायला धजत नाही.

गाडी वाटेत तापली असणार. दुसरं पाणी नसणार. रुंगानोनं हात जोडून, क्षमा मागून, आशीर्वादाचा कॅन उघडला असणार. आणि रेडिएटरमधून साखर करपल्याचा वास आल्यावर त्याला समजलं असणार की आपल्या संसाराच्या सामानातून आपण काय वाहून आणलं.

मॅडम म्हणाल्या, ते कॅन कुणी दिले?

"ओबेदबाबांच्या हातचंच पाणी असतं ते. पण बाबा नव्हे, मॅडम. बाबा सबंध वेळ कुंपणापलीकडे प्रवचन करत होते. मी फाटकावरून शब्द न् शब्द ऐकलाय."

आणि ऐकण्यासारखंच होतं ते. मी त्या मंडळीतला नाही, आमची मिशनची साधी चर्च. पण गात सांगितलेलं प्रवचन कानावर पडलं की माझे पाय भुईला चिकटतात. ओबेदबाबांचा गळा म्हणजे देवाची करणी. परतणाऱ्या माणसाच्या स्वागताला त्यांनी आख्यान लावलं होतं याकोबाचं. परमुलखात राबलेला याकोब बायकापोरं, गुरंढोरं घेऊन घरी निघतो, नदीच्या उतारावर एकटा मागे राहतो आणि रात्रभर देवाच्या दूताशी झोंबी घेतो. झोंबी सुरू झाली तिथं बाबांनी पद उचललं, मंडळीनं ते झेललं, शंभर गळे एक झाले. मी डोळे मिटले होते. डोळे मिटले नाहीत तर असलं गाणं आत उतरत नाही.

मॅडमनी अळी चघळत विचारलं, "पद चालू असताना बाबा काय करतात?"

"बसतात. पाणी पितात. पद मंडळीच चालवते."

"तू डोळे मिटलेले. मंडळीचे डोळे?"

तेही मिटलेलेच असतात, मी म्हणालो. पद आज फार लांबलं होतं. पुन्हा पुन्हा फिरवत राहिले होते, पुढची ओळ द्यायला कुणी नसल्यासारखे.

"मग?"

मग बाबा आले आणि पुढचं आख्यान रंगलं. दूतानं मांडीला स्पर्श केला, याकोब लंगडा झाला. बाबांनी ते लंगडणं असं हुबेहूब करून दाखवलं की बायका रडायला लागल्या. पुढे एसावाची भेट. ज्याला फसवलं तो थोरला भाऊ सूड विसरून धावत येतो आणि गळ्यात पडतो. बाबा मोठमोठ्यानं गात, हात पसरून, लंगडत...

मी बसकडे पाहिलं.

"बोल, मुडाउ."

"मॅडम, लंगडा झाला तो याकोब. एसावाचे पाय धड होते. तो धावत येतो. बाबांनी आज एसावालाही लंगडत आणलं."

४

कंटेनरचं पुढचं दार बिजागरीतून निखळायला आलं होतं. उंबऱ्याशी टायर आडवा टाकलेला. जोसायाच्या हातात पेट्रोलचा डबा. आत गरिकाइ भिंतीला टेकून बसला होता आणि उघड्या जबड्यातून येणारा त्याचा श्वास बाहेरपर्यंत ऐकू येत होता.

गर्दीत एकच बाई खाली बसली होती. नेत्साइ, रुंगानोची बायको. नवऱ्याला घरी न्यायला मंडळीच्या बसमधून आली होती. एकाच दुपारी तिचा नवरा गेला होता आणि आता भाऊ जळताना बघायचा होता. ती रडत नव्हती. नुसती दाराकडे बघत होती.

मॅडम दार उघडून सरळ टायरावर चढल्या. बंदूक काढली नाही. म्हणाल्या, तुम्हाला माणूस हवाय, देते. आम्ही दोघं आहोत, तुम्ही दीडशे, माझा काय इलाज. पण तुमचा भाऊ अजून उन्हात गुडघ्यावर आहे. त्याच्यावर माश्या बसल्यात. आधी त्याच्यासाठी प्रार्थना करा, मग याला घेऊन जा.

मंडळीला यावर नाही म्हणता येईना. बाबांनीही मान हलवली. सगळे गाडीपाशी गेले. कुणीतरी झाडूनं काचा बाजूला केल्या. आणि मग रीतीप्रमाणं एकेकजण वाकला, बूट काढले, टोकं बाहेर करून ठेवले. म्हाताऱ्या, पोरं, काठीवाले. जोसायानंही काढले आणि सवयीनं बाबांपुढे हात केले, कारण बाबांचे बूट सांभाळणं हे त्याचं काम.

ओबेदबाबा बूट घालून उभेच राहिले.

"या भुईवर रक्त सांडलंय," ते म्हणाले. "विटाळलेल्या भुईवर पाय उघडे करत नाहीत, लेकरांनो."

काहीजण गोंधळून परत बूट चढवायला वाकले. तेवढ्यात नेत्साइ बोलली. त्या दिवसातला तिचा पहिला शब्द.

"माझ्या माणसानं याच भुईवर काढले होते, बाबा. ते काय, तिथं आहेत."

सगळ्यांनी दाराजवळच्या त्या दोन बुटांकडे पाहिलं.

मॅडमनी मग सावकाश सांगितलं. रुंगानोला मारलं ते प्रार्थनेच्या वेळी. त्याच्या डोक्यावर हात ठेवणारा बूट घातलेला असता तर तो गुडघ्यावर आलाच नसता. म्हणून मारणारा अनवाणी होता आणि मंडळीतला होता. गरिकाइ मंडळीतला नाही आणि त्याचे बूट पायातून निघालेच नाहीत. रक्त लागलं ते दाजींना उचलायला गेला तेव्हा. सकाळी रुंगानोनं त्यालाच कुंपणाशी पाठवलं असणार निरोप देऊन, की तुमच्या पाण्याबद्दल बोलायचंय, अधिकारी यायच्या आत या. मोठ्या माणसाला बोलायची एक संधी द्यायची म्हणून.

"पहिला घाव पुरा बसला नाही," मॅडम म्हणाल्या. "झटापट झाली, आरसा फुटला, आणि मारणाऱ्याचा तळवा चिरला. बसमधल्या पुढच्या चार कॅनचं बूच उघडून बघा. मुंग्यांनी आधीच बघितलंय."

"मी प्रवचन करत होतो," ओबेदबाबा म्हणाले. आवाज अजून तसाच गोड. "शंभर माणसं साक्षीला आहेत."

तेव्हा मला बोलावं लागलं. जन्मभर ज्या गळ्यापुढे मी हात जोडले, त्याला मी विचारलं, "बाबा, एसाव का लंगडत होता?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. गर्दीतून एक म्हातारी हळूच म्हणाली, हो गं बाई, लंगडत होता खरा.

जोसायाचे हात अजून तसेच पुढे होते, बुटांसाठी. तो म्हणाला, "बाबा, द्या ना बूट. रोज देता."

बाबा मागे सरले. जोसाया खाली बसला, मुलाच्या पायातला बूट काढावा तसा त्यानं बाबांचा घोटा धरला आणि ओढला. बूट निघाला तो चपचपीत आवाज करत. पायाला झग्याची फाडलेली पट्टी गुंडाळली होती आणि ती पार लाल झाली होती. जोसायानं पट्टी सोडवली. चिरलेल्या तळव्यात आरशाची कपची अजून चमकत होती.

"तोंड बंद कर म्हणालात तुम्ही मला," जोसाया म्हणाला. "त्याचं तोंड बंद कर म्हणालात."

५

पुढचं सगळं एका श्वासात झालं. जोसायानं तोच बूट बाबांच्या तोंडावर हाणला. नाकाचं हाड मोडलं. मागच्यांनी झगा धरून खाली ओढलं, काठ्या उठल्या, साखळीवाले हमाल आले, दगड आले. जो गळा ऐकून मंडळी रडायची, तो गळा आता डुकरासारखा ओरडत होता. कंटेनरपुढचा टायर कुणीतरी गडगडत आणला. मॅडमनी दोन गोळ्या हवेत झाडल्या, कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. एक काठी माझ्या कानशिलावर बसली आणि मी पडलो.

पडल्या जागेवरून मला नेत्साइचे पाय दिसले. तिनं चपला काढल्या. नवऱ्याच्या बुटांशेजारी ठेवल्या, टोकं बाहेर करून. आणि झाडून बाजूला केलेल्या काचांच्या ढिगावरून, आपल्याच आरशावरून, चालत ती सरळ गर्दीत शिरली आणि खाली पडलेल्या ओबेदच्या अंगावर दोन पाय फाकून उभी राहिली.

एक दगड तिच्या खांद्याला लागला. ती हलली नाही.

"माझा माणूस अनवाणी मेला," ती म्हणाली. "ही भुई देवाची आहे म्हणून त्यानं बूट काढले. ती देवाची नाही असं आता तुम्ही मला सांगणार?"

तिच्या तळव्यांखाली रक्त पसरत होतं. तिनं गायला सुरुवात केली. गळा काही खास नव्हता. दुपारी अर्धवट लांबलेलं तेच पद, नदीच्या उतारावरचं, आणि तिनं ते तिथंच धरलं जिथं पुढची ओळ द्यायला कुणी नव्हतं. पुढची ओळ तिनं दिली.

काठ्या खाली आल्या. एकदम नाही. एक हमाल शिव्या देत निघून गेला, दोघंतिघं दगड हातात धरूनच उभे राहिले. पण म्हातारीनं ओळ झेलली, मग दुसऱ्या कुणी. मॅडमनी पुढे होऊन ओबेदच्या हातात बेड्या घातल्या. तो जिवंत होता. त्याला न्यायला गाडी आली तेव्हाही पद चालूच होतं.

गरिकाइ कंटेनरच्या दारात येऊन उभा राहिला होता, चौकटीला धरून. तो मंडळीतला नव्हता. पण बहीण गात होती आणि दाजी अजून गुडघ्यावर होते. तो एकेक पाऊल टाकत आला, गाडीपासून थोडा अलीकडे थांबला आणि आपल्या रक्तानं माखलेल्या बुटांकडे बघत राहिला. बूट काढायचे होते. खाली बसून त्यानं नाडीला हात घातला. ती बोटं कुठलीच गाठ सोडवण्यासारखी राहिली नव्हती.

जोसाया उठला. जमाव दुभंगला, कुणीतरी घाबरून गरिकाइच्या पुढे आडवं आलं. जोसायानं काठी खाली टाकली आणि त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला. रक्तानं आवळलेली गाठ सुटेना, तेव्हा त्यानं ती दातांनी सोडवली. आधी एक बूट काढला, मग दुसरा. आपल्या झग्यानं दोन्ही पुसले आणि रुंगानोच्या बुटांशेजारी नेऊन ठेवले, टोकं बाहेर करून.

मग तो परत आला आणि गरिकाइला काखेत आधार देऊन पुढे घेऊन गेला.